लाडू खाल्ला, आता पुढे काय? वजन कमी करताना खाण्याची ओढ आणि अपराधीपणा कसा सांभाळायचा

वजन कमी करायला घेतलं की पहिल्या दहा-पंधरा दिवसांत एक संध्याकाळ हमखास येते. दुपारचं जेवण एका फुलक्यावर भागवलेलं असतं. पाचच्या चहाला कुणीतरी बेसनाचा लाडू पुढे करतं आणि तो खाल्ला जातो. मग मनात येतं, आजचं डाएट मोडलंच. मोडलंच आहे तर दुसरा लाडू, त्यावर मूठभर चिवडा, रात्री उरलेला भात, आणि झोपताना ठराव: सोमवारपासून पक्कं.

हिशेब केला तर पहिल्या लाडवाने फारसं काही बिघडवलेलं नसतं. मध्यम आकाराचा लाडू म्हणजे दीडशे-दोनशे कॅलरी. अर्ध्या-पाऊण तासाच्या चालण्याइतक्या. खरं नुकसान पुढच्या तीन तासांत होतं, आणि ते करायला लावतो तो अपराधीपणा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे: स्वतःला दोष दिल्याने वजन उतरत नाही, उलट पुढचं खाणं वाढतं. म्हणून कॅलरीचा तक्ता भिंतीवर लावण्याआधी हे चक्र कसं थांबवायचं ते शिकून घ्या.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा

वजन खरंच कमी करायचं आहे का, हे कपड्यांच्या मापावरून किंवा मावशीच्या शेऱ्यावरून ठरवू नका. भारतीय शरीरात पोटाभोवती चरबी लवकर साठते, म्हणून आपल्याकडे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३च्या वर गेला की वजन जास्त धरतात. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर लक्ष द्यायला हवं. टेप बेंबीच्या पातळीवर धरा, पोट आत ओढू नका.

गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, वय अठराच्या आत असेल, किंवा आधी कधी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला असेल, तर हे सगळं डॉक्टरांशी बोलूनच करा.

ओढ का लागते, ते समजून घ्या

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खातं कसं करायचं, हे त्याला शोधायचं होतं. चोवीस आठवडे त्या तरुणांना रोज साधारण १,६०० कॅलरी मिळत होत्या. वजन उतरलंच, पण त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. पाककृतींची पुस्तकं जमवायची, एक ताट तास-तासभर चघळत बसायचं, स्वप्नातही खाणं. प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी थांबता येत नाही, अशी कित्येकांची गत झाली. यांच्यापैकी कुणी मुळात खादाड नव्हतं.

व्हॉट्सॲपवर फिरणारे "सात दिवसांत सात किलो" छापाचे तक्ते बहुतेक वेळा याहूनही कमी कॅलरीचे असतात. असा तक्ता पाळताना आठव्या दिवशी फ्रीजसमोर उभं राहून खाल्लं गेलं, तर तुमच्या मनाचा निग्रह कमी पडला असं समजू नका. शरीराला दुष्काळ आल्यासारखं वाटलं आणि त्याने त्याचं काम केलं.

दुसरा प्रयोग १९७५चा, पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा. त्यांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग "चव सांगा" म्हणून आइसक्रीम पुढे ठेवलं. एरवी खाण्यावर करडी नजर ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइसक्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खाल्लं. नियम एकदा मोडला म्हणताच आवरण्यात अर्थ उरला नाही. आपल्या लाडू-चिवड्याच्या संध्याकाळी घडतं तेही हेच.

पहिली पायरी: ताट नीट भरा

ओढ कमी करण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय स्वयंपाकघरात आहे, आणि लोक नेमका तोच टाळतात. वजन कमी करायचं म्हणजे कमी जेवायचं, असं धरून सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी एक फुलका आणि दुधीची भाजी. मग संध्याकाळी डबे उघडले जाणारच.

प्रौढ माणसाला रोज किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. पोळी-भाजी-भाताच्या साध्या जेवणात हा आकडा सहसा गाठला जात नाही, शाकाहारी घरात तर नाहीच. प्रथिनं आणि चोथा पोटात असला की भूक उशिरा लागते. त्यासाठी परदेशी काही आणायला नको. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, मोठी वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि ताक. वरणात पाणी कमी आणि डाळ जास्त. अंडं-मासे खात असाल तर काम आणखी सोपं. पोहे हवेत तर खुशाल करा, पण त्यात मूठभर मोड आलेले मूग टाका किंवा सोबत एक उकडलेलं अंडं घ्या. नुसत्या पोह्यांवर अकरा वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात.

मग चारची वेळ. दुपारचं जेवण एकला आणि रात्रीचं नऊला असेल, तर मध्ये आठ तास जातात. ही पोकळी भरायची सोय आधीच करून ठेवा: फुटाणे, उकडलेल्या शेंगा, पेरू, वाटीभर दही. ऑफिसच्या बॅगेत फुटाण्यांची छोटी डबी असेल तर स्टेशनवरचा वडापाव रोज खुणावणार नाही. कधीतरी खुणावेल, त्याबद्दल पुढे बोलू.

झोपेचंही बघा. २००४ साली शिकागो विद्यापीठात तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेव्हा भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ पदार्थ जास्त हवेसे वाटू लागले. मुलाचं आजारपण, रात्रपाळी, परीक्षा अशा दिवसांत खा-खा सुटली तर नियम आणखी कडक करू नका. शक्य असेल तर तासभर लवकर झोपा.

दुसरी पायरी: ओढ आली त्या क्षणी

आधी ही भूक आहे की ओढ, ते ओळखा. स्वतःला विचारा, आत्ता समोर साधी पिठलं-भाकरी आली तर खाईन का? उत्तर हो असेल तर ती भूक आहे. जेवा किंवा चारचं खाणं घ्या, उगाच वाट पाहू नका. "नको, मला शेवच हवी" असं आतून आलं तर ती ओढ.

ओढ लाटेसारखी येते: चढते, टोकाला जाते आणि ओसरते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ॲलन मार्लाट यांनी लाटेचीच कल्पना वापरून लोकांना तलफ सोसायला शिकवलं. युक्ती अशी की लाटेशी झुंजायचं नाही आणि तिच्याबरोबर वाहूनही जायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावा. ओढ शरीरात कुठे जाणवते ते बघा: तोंडाला पाणी सुटलंय, छातीत अस्वस्थ वाटतंय, की नुसता कंटाळा आलाय? त्या वेळात खोली बदला, कपडे घड्या करा, कुणाला फोन लावा. स्वयंपाकघरात उभं राहून वाट बघणं फार अवघड जातं.

गजर वाजल्यावरही तो पदार्थ हवाच असेल तर खा. पण डब्यातून खाऊ नका. वाटीत काढा, झाकण लावा, डबा जागेवर ठेवा, खाली बसा, मोबाइल बाजूला ठेवा. एवढंच. वाटीतली शेव संपल्याचं दिसतं, डब्यातली दिसत नाही.

घरातली मांडणीही बदला. फरसाणाचा डबा ओट्यावर असेल तर जाता-येता हात जातोच. तो वरच्या फळीवर मागे जाऊ दे आणि ओट्यावर केळी किंवा संत्री येऊ देत. पाकिटातल्या वेफर्स-बिस्किटांबद्दल तर मी आग्रहाने सांगेन, ती साठवूच नका. २०१९मध्ये केव्हिन हॉल यांच्या प्रयोगात कारखान्यात बनलेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न मिळाल्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, तीही नकळत. हवीहवीशी वाटली तर खाली दुकानात जाऊन एक छोटं पाकीट आणा.

तिसरी पायरी: आवडीचं ठरवून खा

"आता गोड बंद" असं जाहीर करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की असं करू नका. ज्या पदार्थावर कायमची बंदी येते तोच सारखा डोळ्यांसमोर येतो, आणि एक घास गेला की सगळं मोडल्यासारखं वाटतं. आठवड्यातून दोन-तीन वेळा आवडीचं काहीतरी खायचं, हे आधीच ठरवा. शनिवारी मिसळ, तर शनिवारी मिसळच. तिला "चीट डे" म्हणायची गरज नाही, यात फसवणूक कुणाचीच होत नाही.

सणाला गोड पदार्थ जेवणाचा भाग म्हणून घ्या, जेवण झाल्यावर वरून नको. पुरणपोळी हेच जेवण आहे. दोन पुरणपोळ्या, तूप, कटाची आमटी, कोशिंबीर. त्या दिवशी मसालेभाताला सुट्टी. आमरसाबरोबर पुऱ्यांऐवजी फुलके असले तरी आमरसाची गंमत कमी होत नाही, शिवाय भात नंतर हवासा वाटत नाही. दिवाळीचा फराळ घरोघरी मिळून दहा-बारा दिवस चालतो, आणि जास्त खाणं होतं ते प्रत्येक घरच्या चहाबरोबर. तिथे निवडा. अनारसे वर्षातून एकदाच मिळतात, ते खा. पातळ पोह्यांचा चिवडा बाराही महिने मिळतो, तो राहू दे.

आपला अपराधीपणा कुठे चिकटतो तेही एकदा तपासून बघा. एका मोदकाने रात्रभर टोचणी लागते, पण दिवसभरात दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा होतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. आठ चमचे म्हणजे साधारण ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी, आणि ही रोजची. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात दिवसाची वरून घातलेली साखर २५ ते ३० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे. तसंच तेलाचं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. फोडणीला बुधली तिरकी केली की दोन-तीन चमचे सहज पडतात. चहातली साखर निम्मी केली आणि तेल चमच्याने मोजून घातलं, तर गणपतीतल्या मोदकांना जागा आपोआप होते. मन टोचतं त्या पदार्थाला, वजन वाढतं ते रोजच्या सवयीने, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

चौथी पायरी: जास्त खाल्ल्यानंतरचे चोवीस तास

कधीतरी लग्नात, कधी भांडणानंतर, कधी उगाचच जास्त खाल्लं जाईल. तेव्हा काय करायचं, हे आत्ताच ठरवून कागदावर लिहा, कारण त्या वेळी डोकं शांत नसतं.

पुढचं जेवण चुकवू नका. रात्री जास्त झालं म्हणून सकाळी उपाशी राहिलं की दुपारी दुप्पट भूक, संध्याकाळी पुन्हा डबे, आणि चक्र परत सुरू. सकाळी भूक असेल त्याप्रमाणे साधा नाश्ता करा. शिक्षा म्हणून दोन तास ट्रेडमिलवर पळू नका. रोजचं चालणं रोजच्या इतकंच.

दोन-तीन दिवस वजनकाट्यावर उभे राहू नका. दुसऱ्या दिवशी काटा किलो-दीड किलो जास्त दाखवतो आणि माणूस खचतो. ही चरबी नसते. पिष्टमय पदार्थ जास्त झाले की शरीर ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. लोणचं-पापडातलं मीठही पाणी धरतं, आणि पोटातलं अन्न अजून पोटातच असतं. एक किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त लागतात. एका लग्नाच्या जेवणात, जिलब्या धरूनही, एवढ्या जात नाहीत. एरवीही आठवड्यातून एकदाच, सकाळी, एकाच वेळी वजन बघा आणि महिन्याचा कल पाहा. आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर उत्तम चाललंय. बायकांनी पाळीच्या आधीच्या दिवसांतला आकडा फारसा मनावर घेऊ नये, तेव्हा शरीर पाणी धरतं.

मग एक छोटी नोंद करा: काय खाल्लं, त्याआधी किती तास पोट रिकामं होतं, मनात काय चाललं होतं. वहीत कॅलरी लिहू नका, शेरे मारू नका. महिन्याभरात तुम्हालाच दिसेल की गुरुवारी उशिराच्या मीटिंगनंतर, किंवा सासूबाईंशी खटका उडाल्यावर, किंवा दुपारचा डबा अर्धा राहिला त्या दिवशीच हे होतं. उपाय तिथे करायचा.

आणि स्वतःशी बोलताना मैत्रिणीशी बोलाल तसं बोला. हा भाबडा सल्ला वाटेल, पण २००७ साली क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी हे तपासून पाहिलं. डोनट खाल्लेल्या तरुणींपैकी काहींना त्यांनी सांगितलं, असं सगळ्यांच्याच हातून होतं, स्वतःवर कठोर होऊ नका. खाण्यावर कडक बंधन ठेवणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हे शब्द ऐकायला मिळाले, त्यांनी नंतर पुढे ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटं इतरांपेक्षा कमी खाल्ली.

पाचवी पायरी: आग्रहाला उत्तर

आपल्याकडे अपराधीपणा दोन्ही बाजूंनी येतो. खाल्लं म्हणून, आणि नाही म्हटलं म्हणूनही. काकूंनी सकाळपासून खपून मोदक केले, "एकच घेतलास? आवडले नाहीत का?" म्हटल्यावर नाही म्हणणं जिवावर येतं. आग्रहामागे माया असते, ती झिडकारायची नाही. म्हणून आधी कौतुक, मग नकार, मग पर्याय: "काकू, उकड काय मऊ झालीय! पोट अगदी भरलंय हो. दोन डब्यात द्या, उद्या सकाळी खाते." मोदक घरी आले की घरच्यांत वाटता येतात, हवा तर एक खाताही येतो. "मी डाएटवर आहे" हे शक्यतो सांगू नका. त्यावर अख्खी पंगत सल्ले देऊ लागते. कुणी दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेव म्हणतं, कुणी तूप वाढव, कुणी भात सोड, आणि कुठलाही घास घेतला तरी कुणाच्या तरी हिशेबाने तुम्ही चुकलेले असता. "पोट भरलं" यावर फारसा वाद होत नाही.

पानात टाकायचं नाही हा संस्कार चांगला आहे, तो मोडायला नको. त्यासाठी सुरुवातीलाच कमी वाढून घ्या. "अर्धीच वाढा, लागली तर मागेन" हे आपल्या पंगतीत सगळ्यांना चालतं. सावकाश जेवा, रिकामं पान दिसलं की वाढणारा थांबत नाही.

घरातल्या बाईसाठी एक वेगळं सांगायचं आहे. मुलांच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्यातला चार घास भात, वाया जाऊ नये म्हणून तिच्याच पोटात जातो आणि मग वाढत्या वजनाचा दोषही तीच स्वतःला देते. उरलेलं अन्न झाकून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी फोडणीची पोळी किंवा फोडणीचा भात करा आणि तो सगळ्यांनी मिळून खा. अन्न वाचवण्याची जबाबदारी एकट्या आईची नाही.

उपासाचं काय?

श्रद्धेने उपास करत असाल तर जरूर करा. "परवा फार खाल्लं म्हणून आता सोमवार धरते" असा उपास मात्र करू नका. ती शिक्षा झाली, आणि शिक्षेनंतर काय होतं ते वर आलंच आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनी बघूनच म्हटलंय. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यावर दाण्याचं कूट आणि तूप. ती हलकी समजून दोन बशा खाल्ल्या जातात. वरईचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, दही किंवा ताक यांनी उपास जास्त सुखाचा जातो.

मदत कधी घ्यायची

थोडं जास्त खाणं आणि त्याची रुखरुख, हे सगळ्यांना होतं. पण थोड्या वेळात खूप खाल्लं जातंय, थांबवता येत नाही, लपून खावं लागतं, नंतर स्वतःची किळस वाटते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीनेक महिने चालू आहे, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. खाल्लेलं मुद्दाम उलटून काढणं, वजन उतरावं म्हणून जुलाबाच्या गोळ्या घेणं, दिवस-दिवस उपाशी राहणं यांपैकी काहीही होत असेल तर तीन महिने थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. गावात कुणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. नीट जेवूनही सतत थकवा, पाळी अनियमित, वजन झपाट्याने वाढणं असं असेल तर थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांचा एक विकार) आणि चालू औषधं यांबद्दल डॉक्टरांना विचारा. तिथे काय बोलावं सुचलं नाही, तर "माझा खाण्यावर ताबा राहत नाही आणि नंतर फार त्रास होतो" एवढं सांगितलं तरी पुरतं. वजनाचा आकडा त्यांनी विचारल्यावर सांगता येतो.